निर्यात कंपनीत परदेशी भांडवल, बागेत अवकाळी पाऊस: नव्या द्राक्षवाणाच्या करारावर सही करावी का?

कादवाकाठ (प्रश्न)

नमस्कार. निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्ष गटाला एका निर्यात कंपनीकडून प्रस्ताव आलाय. कंपनीत युरोपातल्या विकास वित्तसंस्थांनी (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या संस्था) भांडवल घातलं आहे. अटी थोडक्यात अशा:

जुनी थॉम्पसन (बिनबियांच्या द्राक्षाचा जुना वाण) काढून परदेशी पैदासकाराचा हक्क राखीव असलेला पांढरा वाण लावायचा. करार १५ वर्षांचा. रॉयल्टी एकरी ठरलेली, दरवर्षी द्यायची. प्लास्टिक आच्छादनासाठी कंपनीच्या शिफारशीने बँक कर्ज, हप्ता मालाच्या पैशातून कापला जाईल. सगळा माल कंपनीलाच द्यायचा आणि भाव युरोपातल्या विक्रीतून खर्च वजा करून ठरणार.

हवामानाचं वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट झाली, २०२५ ला तर पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि ऑक्टोबर छाटणीनंतर कितीतरी बागांत घडच निघाले नाहीत. म्हणून गटातली निम्मी मंडळी म्हणतात, नवा वाण आणि प्लास्टिक हाच मार्ग. बाकीचे म्हणतात, परदेशी पैसा आला की जमीन जाईल.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा पैसा नेमका कशात येतो, आणि जमिनीवर त्यांचा हक्क बसू शकतो का? नवा वाण आणि प्लास्टिक यांनी हवामानाचा प्रश्न कितपत सुटतो? आणि करारात काय बदलून मागावं?

---

सातबारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यावरून गट फुटण्याचं कारण नाही.

शेतजमिनीवर त्यांचा हक्क बसत नाही. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, मग तो भारतीय असो की परदेशी. शिवाय केंद्राच्या परकीय गुंतवणूक धोरणात सर्वसाधारण शेती उघडलेलीच नाही. फुलं, फळं, भाजीपाला, अळिंबी यांत १०० टक्के परवानगी आहे, पण नियंत्रित वातावरणातल्या लागवडीसाठी. चहा, कॉफी, रबर, वेलची यांसारख्या मोजक्या मळ्यांना वेगळी सूट आहे. अन्नप्रक्रिया मात्र पूर्ण खुली आहे. म्हणून पैसा येतो तो पॅकहाऊस, प्रीकूलिंग, शीतगृह, प्रक्रिया, रोपवाटिका आणि वाणाचे परवाने यांत.

शेतकरी उत्पादक कंपनीतही बाहेरचा गुंतवणूकदार थेट भागीदार होत नाही, कायद्याने तिचे सभासद उत्पादकच असावे लागतात. म्हणून बांधणी अशी होते: वर उत्पादक कंपनी, तिच्या खाली साधी मर्यादित कंपनी आणि परदेशी भांडवल या खालच्या कंपनीत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ ला इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले ते याच रीतीने, पोस्ट हार्वेस्ट केअर या कंपनीत. तिथे वर शेतकऱ्यांची कंपनी आहे. तुमच्या प्रस्तावातल्या कंपनीत तशी वरची शेतकरी कंपनी आहे का, की गट फक्त माल पुरवणारा आहे, हे सगळ्यात आधी विचारा. पुरवठादार असाल तर नफ्यातही वाटा नाही आणि संचालक मंडळात आवाजही नाही.

आता खरी काळजी कुठे करायची ते सांगतो.

मुदत. गुंतवणूक निधी साधारण सात ते दहा वर्षांत पैसे काढून बाहेर पडतो. तुमचा करार १५ वर्षांचा. म्हणजे कराराच्या मध्यावर कंपनीचा मालक बदलणार, हे धरूनच चाला. करारात ‘कंपनीचं नियंत्रण बदललं तर उत्पादकाला १८० दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडता येईल’ असं कलम हवं. ते नसेल तर उद्या कोणाच्या हाताखाली माल द्यायचा हे तुम्ही ठरवणार नाही.

रॉयल्टी. एकरी ठरलेली रॉयल्टी मान्य करू नका, किलोवर मागा. समजा एकरी ४० हजार ठरले. ८ टन माल निघाला तर किलोला ५ रुपये पडतात. घड गेले आणि २ टनच निघाला तर २० रुपये. ज्या वर्षी पाऊस मारतो त्याच वर्षी हा खर्च चौपट जड होतो. किलोवर असेल तर माल नाही तेव्हा रॉयल्टीही नाही, आणि हवामानाचा थोडा भार वाणाच्या मालकाकडे जातो. या प्रस्तावात परदेशी पैसा सगळा गारव्याच्या खोलीत आणि कागदावर आहे, आभाळाखाली फक्त तुमचा आहे. कलम वाचताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लावा: पाऊस पडला तर या ओळीत कोणाचे पैसे जातात?

भाव. ‘विक्रीतून खर्च वजा’ याचा अर्थ जहाजभाडं, युरोपातलं आयात शुल्क, तिथल्या आयातदाराचं कमिशन, पुन्हा पॅकिंगचा खर्च आणि पोचल्यावरचे दावे, सगळं तुमच्या बिलातून. किमान हमी भाव मागा, किलोला किती आणि बागेतून उचलल्यापासून किती दिवसांत. विनिमय दर कोणत्या दिवसाचा धरणार तेही लिहून घ्या. मालाची तपासणी पॅकहाऊसला झाली की मालकी बदलली पाहिजे. युरोपात रॉटरडॅम बंदरात उतरल्यावरचा सडका मणी तुमच्या खात्यात लागला तर जहाज उशिरा पोचल्याची शिक्षाही तुम्हालाच. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तेव्हा हा फरक कागदावरचा राहिला नाही.

तोडणी. साखर उतरल्यावर कंपनीची तोडणी टोळी किती दिवसांत येईल? मुदत उलटली आणि मधेच पाऊस झाला तर? ‘सूचना दिल्यापासून ७ दिवसांत तोडणी नाही झाली तर उत्पादक माल इतरत्र विकू शकेल’ हे कलम नसेल तर वेलीवर तडकलेला माल घेऊन बसावं लागतं. हक्क राखीव वाणात नाकारलेला माल स्थानिक बाजारात विकायलाही परवानगी लागते. ती आधीच लेखी घ्या, बेदाण्यासाठी धरून.

वाणाचा हक्क. भारतात वनस्पतीच्या वाणावर पेटंट मिळत नाही. हक्क मिळतो तो २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली, वेली आणि झाडांसाठी जास्तीत जास्त १८ वर्षं. त्या वाणाची नोंदणी झाली आहे का, कधी झाली, क्रमांक काय, हे विचारा. नोंदणीच्या वर्षापासून १८ मोजा. त्यापुढच्या वर्षांची रॉयल्टी करारात असेल तर का, तेही विचारा. या कायद्याच्या कलम ३९(२) कडे कोणी बघत नाही: नोंदणी झालेल्या वाणाचं लागवड साहित्य विकताना ते कोणत्या परिस्थितीत किती उत्पादन देईल हे पैदासकाराने सांगितलं पाहिजे, आणि तसं न घडल्यास शेतकरी या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. म्हणून तोंडी ‘एकरी १० टन बसतात’ चालणार नाही. पाऊस, तापमान, खुंट (ज्यावर कलम भरतात ते मुळाचं झाड), छाटणीची तारीख यांसह लेखी घ्या.

काडी शेजाऱ्याला देण्याचा विषयही याच कायद्यात येतो. कलम ३९ शेतकऱ्याला बियाणं जपण्याचा, पुन्हा लावण्याचा, देण्याघेण्याचा हक्क देतं, फक्त ब्रँड लावून विकायला मनाई आहे. पण परवाना करारात तुम्ही तो सोडून देता. २०१९ ला पेप्सिकोने चिप्सच्या बटाट्यावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले, २०२१ ला प्राधिकरणाने नोंदणीच रद्द केली, आणि जानेवारी २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे हा विषय संपलेला नाही, सही सांभाळून करा.

---

खरडछाटणी

सातबारा यांनी कागदाचं सांगितलं, मी वेलीचं सांगतो. वाण बदलला की हवामानाचा प्रश्न सुटतो हा समज चुकीचा आहे, कारण २०२५ ला जे बिघडलं ते वाणाच्या नावावर नव्हतं.

द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा होते: एप्रिलला खरड छाटणी, नवी काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, घड बाहेर काढायला. पण घड ऑक्टोबरला तयार होत नाही. तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत डोळ्याच्या (काडीवरच्या कळीच्या) आत ठरतो. म्हणजे मे-जून. त्या काळात काडीवर भरपूर ऊन लागतं, नत्र आणि पाणी आटोक्यात लागतं. मे मध्येच पाऊस सुरू झाला की तीन गोष्टी एकत्र होतात. ढगांमुळे प्रकाश कमी होतो, जमिनीतलं नत्र वेलीला एकदम मिळतं आणि शेंडा धावतो. वेलीत जिबरेलिन या शेंडा वाढवणाऱ्या संप्रेरकाचं प्रमाण वाढतं, घडाला मदत करणारं सायटोकायनिन मागे पडतं, आणि ज्या गाठीतून घड व्हायचा तिथे बाळी (नुसता तणावा) होते. हे थॉम्पसनमध्ये होतं तसं आयात केलेल्या वाणातही होऊ शकतं. फरक फक्त इतकाच की काही वाणांत तळाच्या डोळ्यांत घड चांगले बसतात. तुम्हाला देऊ केलेला वाण तसा आहे का, आणि ढगाळ मे असलेल्या वर्षी त्याची नाशिकमध्ये काडी तपासणी (डोळ्यात घड आहे का याची प्रयोगशाळेतली तपासणी) झाली का, त्याचे आकडे मागा. पेरू-चिलीच्या कोरड्या हवेतले आकडे इथे उपयोगाचे नाहीत.

काय करता येतं:

खरड छाटणी शक्य असेल तिथे मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटपा, म्हणजे घडनिर्मितीचा निम्मा काळ तरी पावसाच्या आधी जातो. फूट विरळणी वेळेत करा, वेलीवर काड्यांची गर्दी ठेवू नका. ९-१० पानांवर आल्यावर ७ पानांवर खुडून सबकेन (उपकाडी) घ्या, शेंड्याचा जोर मोडतो आणि तळच्या डोळ्यांवर ऊन पडतं. ४५ व्या दिवशी पाचव्या पानाचा देठ तपासायला द्या. नत्र जास्त दिसलं तर युरिया आणि शेणखताची स्लरी बंद, पालाश आणि स्फुरद चालू. पाऊस सुरू होताच ठिबकचं पाणी आपण थांबवतो, पण खत नेहमीच्या वेळापत्रकानेच जात राहतं. चूक बहुतेक इथेच होते.

वाढ थांबवायला क्लोरमेक्वाट म्हणजे लिहोसीन वापरायचा मोह होतो. निर्यातीच्या बागेत तो टाळा. २०१० ला युरोपात याच रसायनाच्या अवशेषांवरून आपले कंटेनर अडकले होते. ते वेलीच्या लाकडात साठून पुढच्या हंगामाच्या मालातही उतरतं.

फळ छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी काडी तपासणी करा. प्रत्येक प्लॉटमधून जाड, मध्यम, बारीक अशा वेगवेगळ्या काड्या घ्या, एकाच रांगेतल्या नकोत. प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या डोळ्यात घड आहे ते सांगते. सातव्यात असेल तर आठव्यावर छाटा. घड काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांत सरकले असतील तर लांब छाटा. आणि घडच नसतील तर त्या प्लॉटवर फळाचा खर्च करू नका. पानं निरोगी ठेवा, तेवढं पुरे. न तपासता छाटून, डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइड लावून, डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्यांवर लाखभर घालवून मग बाग वांझ निघाली, असं २०२५ ला फार ठिकाणी झालं.

आता प्लास्टिक. ते काय थांबवतं आणि काय वाढवतं, दोन्ही बघा.

छाटणीनंतर १५ ते ५० दिवस हा सगळ्यात नाजूक काळ. घड बाहेर पडतो, ३८-४५ दिवसांच्या दरम्यान फुलोरा. या काळात रात्रभर पान ओलं राहिलं की डाऊनी घडावर येतो, आणि फुलोऱ्यात पाऊस असेल तर गळकुज (घड गळणं आणि कुजणं). पुढे ८५-९५ दिवसांनी मण्यात पाणी उतरतं, तिथून पुढे पावसाने मणी तडकतो. आच्छादन या दोन्ही टप्प्यांत खरंच कामाचं आहे. पान कोरडं राहिलं की डाऊनीला संधी नाही.

पण त्याच कोरड्या, उबदार, अंधुक छताखाली भुरी हा बुरशीचा रोग आणि तुडतुडे, थ्रिप्स, मिलीबग या किडी जोरात येतात. प्रकाश कमी होतो, म्हणून पानोळा (पानांचा पसारा) दाट ठेवून चालत नाही. गरम हवा वर साठते, त्यामुळे छताच्या कण्यावर फट किंवा झडप हवी, सलग बंद छत करू नका. आणि मे महिन्यातल्या घडनिर्मितीला प्लास्टिक मदत करत नाही. पाऊस अडतो, पण आधीच कमी असलेला प्रकाश आणखी घटतो. छत गुंडाळता येणारं असेल तरच खरड छाटणीत त्याचा विचार करा, आणि पाऊस थांबला की उघडा.

पाणी कुठे जाणार याचा हिशोब कोणी करत नाही. एक एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण दोन लाख लिटर. आच्छादन असलं की हे सगळं पाणी ९ फुटी पट्ट्याच्या मधोमध पडतं. काळ्या जमिनीत तिथे ट्रॅक्टर रुततो, आणि डाऊनी नसला तरी भुरीची फवारणी वेळेवर होत नाही. आधी चर काढा, उतार द्या, मगच खांब रोवा. कडेच्या रांगांचे ताण आणि अँकर दुप्पट मजबूत हवेत. छत उडतं ते मधून नाही, कडेने उचलून उडतं.

खर्च: शासनाच्या प्रायोगिक योजनेत एकरी ४ लाख ८१ हजारांचा मापदंड धरून निम्मं अनुदान होतं. अनुदान नसेल तर ४.८ लाख, १० टक्के व्याज, ५ वर्षं धरली की वर्षाला सुमारे १ लाख २७ हजारांचा हप्ता. ९ टन माल असेल तर किलोला १४ रुपये. ३ टन निघाला तर ४२. अनुदान मिळालं तर निम्म्यावर येतं. कापडाचं आयुष्य चार-पाच वर्षं, म्हणजे कर्ज फिटताच नवं कापड. हा हप्ता मालाच्या पैशातून कापला जाणार असेल तर घड न आलेल्या वर्षी हप्ता पुढे ढकलण्याची अट बँकेच्या कागदात हवी, कंपनीच्या नाही.

---

रीफर

वरचे दोन्ही प्रतिसाद नेमके आहेत, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. थॉम्पसनला धरून बसण्यातही मोठा धोका आहे.

थॉम्पसनला मणी लांब करायला आणि फुगवायला जीएमध्ये (जिबरेलिक आम्लात) घड तीन-चार वेळा बुडवणं, शिवाय विरळणी, सगळं मजुरांच्या हातावर. नवे वाण बहुतेक नैसर्गिकरीत्या मोठ्या मण्याचे आहेत, जीए कमी लागतं, मजुरी वाचते. युरोपातली सुपरमार्केटं वाणाच्या नावाने मागणी करतात. पेरूने हेच ओळखलं आणि काही वर्षांत चिलीला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा ताज्या द्राक्षाचा निर्यातदार झाला. त्यांचा उशिराचा माल आपल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या मालाला भिडतो. त्यांना युरोपात आयात शुल्क नाही, आपल्याला आतापर्यंत ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपली सुरुवातच तोट्यातून होते. हे वाण, ही शीतसाखळी, हे प्रमाणपत्र उभं करायला लागणारा पैसा गावात नाही, देशी बँक इतक्या लांब मुदतीने सहजासहजी देत नाही. विकास वित्तसंस्था देते.

करार सुधारून घ्या, पण नाकारू नका. आणि सगळी बाग एकदम काढू नका. खुंट लावणं, कलम भरणं, ओलांडा (वेलीची आडवी फांदी) तयार करणं यात उत्पन्नाचे दोन हंगाम जातात. चौथाई क्षेत्र घ्या, तीन फळ छाटण्या बघा, मग पुढचं.

---

पाणलोट

रीफर, पेरूचं उदाहरण दिलंत ते पूर्ण सांगायला हवं, कारण परदेशी भांडवल आणि हवामान यांचा सगळा धडा तिथेच आहे.

पेरूच्या किनाऱ्यावर पाऊस जवळपास पडत नाही. म्हणून एरवी डाऊनी आणि तडकणं यांचा त्रास फार कमी. इका आणि पिउरा या भागांत द्राक्ष उभं राहिलं ते अँडीजच्या पाण्यावर आणि विहिरींवर. २००० साली शेतीप्रोत्साहनाचा कायदा क्रमांक २७३६० आला, कर कमी, मजूर कायदे सैल, आणि तिथे परदेशी कंपनी जमीन विकत घेऊ शकते. ओल्मोस प्रकल्पात पर्वतातून सुमारे २० किलोमीटरचा बोगदा काढून पाणी वाळवंटात आणलं आणि ३८ हजार हेक्टर जमीन लिलावाने मोठ्या कंपन्यांना विकली. म्हणजे तिथे लहान शेतकऱ्याचा वाण बदलला नाही, वाळवंटात नव्याने कंपन्यांची शेती उभी राहिली. आपला ३-४ एकरवाला त्या चौकटीत बसत नाही.

त्याची किंमत दोन ठिकाणी दिसली. इकामध्ये भूजल खाली गेलं, मोठ्या कंपन्यांनी खोल विहिरी घेतल्या आणि लहान शेतकऱ्यांच्या उथळ विहिरी आटल्या. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने तिथल्या एका शतावरी-द्राक्ष कंपनीला कर्ज दिलं होतं. २००९ ला स्थानिकांनी आयएफसीच्या तक्रार लोकपालाकडे पाण्यावरून तक्रार केली आणि कंपनीने पुढच्या कर्जाचा अर्ज मागे घेतला. दुसरं, २०२० च्या डिसेंबरात मजुरांनी महामार्ग रोखले आणि तो वीस वर्षांचा कायदाच रद्द झाला.

हवामानाने तिथेही गाठलं. मार्च २०२३ ला याकू चक्रीवादळाने उत्तर किनाऱ्यावर पूर आणले. त्याच वर्षी एल निन्योमुळे हिवाळा उबदार गेला, पिउरात डोळे नीट फुटले नाहीत, घड कमी निघाले. रीफर, यात कोरड्या हवेतला, हक्क राखीव वाणांचा, भांडवलाचा सगळा माल होता, तरीही डोळ्यातली घडनिर्मिती तापमानाने बिघडली. खरडछाटणी यांनी मे महिन्याबद्दल जे सांगितलं तीच वेलीची गोष्ट तिथे वेगळ्या कारणाने घडली.

यातून गटाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. विकास वित्तसंस्थेचा पैसा असेल तर कर्जासोबत पर्यावरण आणि सामाजिक अटी येतात, बहुतेक वेळा आयएफसीची आठ कामगिरी मानकं. त्यात पाण्याचा वापर, मजुरांची राहण्याची सोय, कीटकनाशकाची सुरक्षितता आणि तक्रार निवारण यंत्रणा हे सगळं आहे. एफएमओ, प्रोपार्को आणि जर्मनीची डीईजी यांची मिळून स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहे, त्यांच्या पैशाच्या प्रकल्पामुळे बाधित झालेला कोणीही तिथे जाऊ शकतो. तुमच्या कंपनीत कोणाचे पैसे आहेत ते नावानिशी विचारा आणि ‘पर्यावरण व सामाजिक कृती आराखडा’ मराठीत मागा. भूजलाचं मोजमाप त्यात नसेल तर घालायला लावा. तुमच्या भागात पॅकहाऊसची बोअर आणि गावाची विहीर एकाच पाणलोटात असणार.

---

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार, गटाच्या बैठकीत हे वाचून दाखवतो. अजून दोन शंका. प्लास्टिकखाली फवारण्या कमी होतील म्हणजे अवशेषांचा प्रश्नही कमी होईल, असं कंपनीचा माणूस म्हणतो. आणि फळपीक विमा असताना करारात हवामानाचं कलम कशाला, असंही तो म्हणतो.

---

खरडछाटणी

पहिलं विधान अर्धंच खरं आहे. डाऊनीच्या फवारण्या कमी होतात, भुरी आणि किडींच्या वाढतात. आणि जे फवारलं ते जास्त दिवस टिकतं, कारण पावसाने धुतलं जात नाही आणि अतिनील किरण कमी पडल्याने रसायन लवकर मोडत नाही. तोडणीपूर्व प्रतीक्षा कालावधी उघड्या बागेच्या अनुभवावर ठरलेला असतो. छताखाली तोच पाळून नमुना मर्यादेबाहेर गेला तर कंपनी नाकारणार. म्हणून ग्रेपनेटच्या (निर्यात द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेच्या) परिशिष्ट ५ मधलीच औषधं घ्या, प्रतीक्षा कालावधीत आठ-दहा दिवसांची भर घाला, मणी सेटिंगनंतर शक्य तिथे गंधक आणि जैविक घटकांवर या. तोडणीच्या तीन आठवडे आधी एक नमुना स्वतःच्या खर्चाने तपासून घ्या, म्हणजे निकाल वाईट आला तरी थांबायला वेळ राहतो. फवारणी वेळापत्रक कंपनीने दिलं असेल आणि तुम्ही ते तंतोतंत पाळलं असेल, तर अवशेषांमुळे नाकारलेल्या मालाचा तोटा कंपनीचा, हे कलम हवं. त्यासाठी फवारणी नोंदवही रोजच्या रोज आणि औषधाची बिलं बॅच क्रमांकासह जपून ठेवा.

विम्याचं: योजना हवामानावर आधारित आहे. तुमच्या बागेत काय झालं हे ती बघत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद बघते. केंद्र आठ किलोमीटरवर आणि पाऊस तुमच्याच शिवारात झाला तर पैसे नाहीत. उलट केंद्रावर पाऊस नोंदला गेला तर प्लास्टिक असूनही मिळतात, म्हणून छत टाकलं म्हणून विमा सोडू नका. गेल्या काही वर्षांच्या शासन निर्णयांत द्राक्षाच्या अवेळी पावसाचं संरक्षण १६ ऑक्टोबरपासून आणि गारपिटीचं १ जानेवारीपासून सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरचा पाऊस आणि नोव्हेंबरची गारपीट दोन्ही बाहेर राहतात. बागलाण-कळवणच्या जुलै-ऑगस्टच्या आगाप छाटणीचा सुरुवातीचा काळ तर यात येतच नाही. आणि मे महिन्यात घड न बसण्याला कुठलाच ट्रिगर (भरपाई लागू होण्याची अट) नाही. गारपीट झाली तर ७२ तासांत कळवायचं असतं. अर्जाची मुदत बहुतेक १५ ऑक्टोबर, पण त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचा.

---

सातबारा

विम्यावरचं हे वाचल्यावर करारातलं हवामानाचं कलम कसं लिहायचं ते सांगतो. ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढाच शब्द ठेवला तर वाद होतो. दोन मोजता येणाऱ्या अटी घाला. एक, छाटणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या काडी तपासणीत फलधारक डोळे ठरलेल्या टक्क्यांच्या खाली आले तर त्या हंगामाची रॉयल्टी माफ आणि किमान पुरवठ्याची अट लागू नाही. दोन, छाटणीनंतरच्या ठरलेल्या दिवसांत मंडळ केंद्रावर किंवा बागेतल्या स्वतःच्या हवामान केंद्रावर ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर दर्जाचे निकष कोणते सैल होतील, हे तक्त्यात. बागेतलं केंद्र कंपनीने बसवावं आणि नोंदी दोघांच्या मोबाइलवर दिसाव्यात. टक्के आणि मिलिमीटरचे आकडे गटाने आधी मांडा, कंपनीला मांडू देऊ नका. गेल्या पाच वर्षांच्या काडी तपासणीचे अहवाल गटातल्या ज्यांच्याकडे असतील ते बैठकीला घेऊन या, आकडा त्यातूनच निघेल.